अव्वलांमधली विषमता मोजायची कशी? लॉरेन्झ वक्रापासून एच-गाभ्यापर्यंत

शोधनिबंध असोत, सायटेशन्स (एखाद्या निबंधाचा इतर निबंधांनी दिलेला संदर्भ) असोत की डाउनलोड, त्यांची वाटणी समान नसते हे माहितीमितीत, म्हणजे माहितीची आकडेमोड करणाऱ्या इन्फॉर्मेट्रिक्समध्ये काम करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. आल्फ्रेड लोट्का यांनी १९२६ साली ‘केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स’च्या सूचीतली लेखकांची नावं मोजून तो उतार दाखवला होता: दोन निबंध लिहिणारे लेखक एक निबंध लिहिणाऱ्यांच्या साधारण एक चतुर्थांश, तीन लिहिणारे एक नवमांश, आणि पुढेही तसंच. हा नियम काटेकोर धरला तर सुमारे ६१ टक्के लेखकांच्या नावावर एकच निबंध असतो.

त्यामुळे ‘आमच्या विषयात खूप विषमता आहे’ हा काही निष्कर्ष नव्हे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर जे मोजके उरतात, त्यांच्या आपसात वाटणी कशी आहे? ते तोलामोलाचे आहेत, की एकाच्या जोरावर अख्खा गट अव्वल दिसतोय? या प्रश्नावर एच-इंडेक्स (निबंध आणि सायटेशन्स एकाच आकड्यात मांडणारा निर्देशांक) गप्प असतो, त्याचाच भाऊबंद जी-इंडेक्स बहुतेकदा गप्प असतो, आणि सगळ्या लेखकांवर काढलेला गिनी गुणांक (विषमतेचं ० ते १ मधलं माप) तर तळाच्या गर्दीबद्दलच जास्त बोलतो. म्हणून अव्वलांची विषमता वेगळी मोजावी लागते. स्प्रेडशीट पुरते, मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. खालची सगळी उदाहरणं मुद्दाम लहान ठेवली आहेत, म्हणजे प्रत्येक आकडा हाताने पडताळता येईल. ती काल्पनिक आहेत हे ध्यानात असू द्या.

आधी ठरवा: कोण मोजायचं आणि काय

माहितीमितीतल्या प्रत्येक मोजणीत दोन बाजू असतात. एक निर्माता, दुसरी त्याची निर्मिती. लेखक आणि त्याचे निबंध, निबंध आणि त्याला मिळालेली सायटेशन्स, नियतकालिक आणि त्यातले लेख. कुठली जोडी घेतली ते पहिल्याच ओळीत लिहून ठेवा. ‘या विभागातली विषमता’ असं मोघम म्हणून चालत नाही, कारण त्याच विभागात लेखकांमधली विषमता आणि निबंधांमधली विषमता अगदी वेगळी निघू शकते.

त्यानंतर श्रेय कसं वाटायचं ते ठरवा. तीन लेखकांच्या निबंधाचं पूर्ण श्रेय तिघांनाही द्यायचं की प्रत्येकाला एक तृतीयांश? अव्वलांच्या बाबतीत ही निवड फार महत्त्वाची ठरते. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या संयुक्त निबंधाला पाच हजारांहून जास्त लेखक होते. अशा विषयात पूर्ण श्रेय दिलं, तर यादीच्या माथ्यावर एकाच प्रकल्पातले शेकडो लोक सारखाच आकडा घेऊन बसतात आणि अव्वलांमध्ये कमालीची समता आहे असं चित्र तयार होतं. ती समता खोटी असते, एकच निबंध पुन्हा पुन्हा मोजल्याने आलेली. माझ्या मते अव्वलांची विषमता मोजताना अंशतः श्रेयच द्यावं. पूर्ण श्रेय द्यायचंच असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत.

नावांची सफाई हे कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही. एकाच नावाचे चार संशोधक डेटाबेसमध्ये एकत्र झाले, तर तो बनावट ‘एक’ माणूस थेट यादीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे चुका यादीभर सारख्या पसरत नाहीत, त्या वरच साचतात, नेमक्या तिथे जिथे आपल्याला मोजायचं आहे. हजारो नोंदी हाताने तपासणं शक्य नसतं. पण वरच्या पन्नास-शंभर नावांचं ऑर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक), संस्था आणि विषय हाताने जुळवून पाहणं सहज जमतं, आणि फायदाही त्याचाच सर्वाधिक होतो.

विषय आणि वर्षही सारखे करून घ्या. गणितातलं सायटेशनचं मान आणि जैववैद्यकातलं मान यांची थेट तुलना होत नाही. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागून घेणं ही रूढ पद्धत आहे. हे केलं नाही तर तुम्ही मोजलेली विषमता माणसांमधली नसून विषयांमधली असते.

शून्यांचा निकाल लावा

समजा दहा निबंधांची सायटेशन्स उतरत्या क्रमाने अशी आहेत: ४०, २०, १२, ८, ६, ५, ४, ३, १, १. बेरीज १००. या यादीला आपण ‘अ’ म्हणू.

गिनी काढायची सोपी रीत अशी. शेजारच्या कॉलममध्ये क्रमांक लिहा, सर्वात मोठ्याला १. प्रत्येक क्रमांकाने त्या त्या आकड्याला गुणून बेरीज करा, स्प्रेडशीटमधलं समप्रॉडक्ट फंक्शन हे एका फटक्यात करतं. ‘अ’साठी ही बेरीज २७९ येते. आता तिची दुप्पट घ्या, तिला नोंदींची संख्या गुणिले एकूण सायटेशन्स, म्हणजे १० गुणिले १००, याने भागा: ०.५५८. नोंदींच्या संख्येत एक मिळवून पुन्हा संख्येने भागल्यावर ११/१०, म्हणजे १.१ येतात. त्यातून हे वजा केलं की गिनी मिळतो: ०.५४२.

आता कुणीतरी म्हणतं, सायटेशन न मिळालेले दहा निबंध तुम्ही सोडलेत, तेही धरा. धरले. बेरीज तीच, २७९. नोंदी मात्र वीस झाल्या. गिनी होतो ०.७७१. वरच्या दहा निबंधांच्या वाटणीत काडीचाही फरक पडलेला नाही, तरी आकडा ०.५४ वरून ०.७७ वर गेला.

याला गणिताची खोड म्हणता येणार नाही, गिनी विचारतोच मुळी तसं: एकूण जमावात किती विषमता आहे? शून्यवाले जमावात आले की विषमता वाढणारच. पण शून्यांचा आकडा बहुतेकदा डेटाबेस काय नोंदवतो यावर अवलंबून असतो. डेटाबेस बदलला, संपादकीय टिपणं आणि परिषदेचे सारांश धरले की शून्यांची रीघ लागते. म्हणूनच शून्य धरली की नाही हे न सांगता दिलेला गिनी कुणी दाखवला तर मी त्यावर फार वेळ घालवत नाही.

हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांकाचं तसं नाही. प्रत्येकाचा वाटा काढा, त्याचा वर्ग करा, बेरीज घ्या. ‘अ’साठी ०.४ चा वर्ग ०.१६, ०.२ चा ०.०४, असं करत एकूण ०.२२९६. शून्यं मिळवली तरी हा आकडा हलत नाही, कारण शून्याचा वर्ग शून्य. या निर्देशांकाने १ ला भागा, म्हणजे १ भागिले ०.२२९६, तर ४.३६ येतात. अर्थ असा की एकवटण्याच्या दृष्टीने हे दहा निबंध म्हणजे समान वाटा असलेले जेमतेम साडेचार निबंध. याला प्रभावी संख्या म्हणतात, आणि गणिताशी फारसा संबंध नसलेल्या वाचकालाही ती लगेच कळते.

विषमता आणि केंद्रीकरण हे दोन शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण फरक नेमका इथे आहे. विषमता जमावातल्या प्रत्येकाला धरून असते. केंद्रीकरण विचारतं, माल किती थोड्या हातांत आहे. अव्वलांसाठी दोन्ही लागतात.

आकड्याआधी वक्र काढा

मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये मांडलेला वक्र आणि कोरादो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला गुणांक (मराठीत तो ‘गिनी’ म्हणूनच रुळला आहे) अर्थशास्त्रातून आपल्याकडे आले. अर्थशास्त्रात वक्र तळापासून वर चढवतात. माहितीमितीत तो उलटा, वरून खाली काढणं सोयीचं पडतं: आडव्या अक्षावर वरचे किती टक्के निर्माते, उभ्या अक्षावर त्यांच्याकडे किती टक्के निर्मिती. वक्र कर्णाच्या, म्हणजे पूर्ण समता दाखवणाऱ्या तिरक्या रेषेच्या, वर फुगतो. जितका फुगीर, तितकी विषमता.

वक्राचा मोठा फायदा असा की अर्धवट माहितीवरूनही काहीतरी हाती लागतं. पेर सेग्लेन यांनी नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात ते सांगणारा आकडा) टीका करताना दाखवलं होतं की सर्वाधिक उद्धृत १५ टक्के लेखांच्या वाट्याला सुमारे निम्मी सायटेशन्स जातात आणि वरच्या ५० टक्के लेखांच्या वाट्याला ९० टक्के. फक्त हे दोन बिंदू वक्रावर मांडा आणि सरळ रेषांनी जोडा. खरा वक्र या तुटक रेषेच्या खाली जाऊच शकत नाही. रेषेखालचं क्षेत्रफळ ०.७५७५ येतं, त्याची दुप्पट वजा एक म्हणजे ०.५१५. म्हणजे तिथला गिनी निदान ०.५१५ तरी असणार, हे मूळ डेटा न पाहताही सांगता येतं. जुन्या लेखांमधल्या ‘वरच्या इतक्यांकडे तितके’ छापाच्या वाक्यांवरून तुलना करायची असेल तेव्हा ही युक्ती फार कामाला येते.

दोन गटांचे वक्र एकाच आलेखावर काढा. एक वक्र पूर्णपणे दुसऱ्याच्या वर असेल तर वाद संपला, कुठलाही शहाणा निर्देशांक तोच कौल देईल. शहाणा म्हणजे असा, की कमी असलेल्याकडून काढून जास्त असलेल्याला दिलं तर जो वाढतो. गिनी, हर्फिंडाल आणि थील (हा विषमतेचा निर्देशांक पुढे येतोच) तिघेही या कसोटीला उतरतात. ‘वरच्या १० टक्क्यांचा वाटा’ मात्र अर्धाच उतरतो. वरच्या दहा टक्क्यांतल्या दुसऱ्याकडून काढून पहिल्याला कितीही दिलं तरी तो वाटा तोच राहतो. अव्वलांच्या आतली विषमता मोजायला तो एकट्याने निरुपयोगी आहे, आणि तरीही सर्वात जास्त वापरला जातो तोच.

वक्र एकमेकांना छेदत असतील तर गंमत सुरू होते. दोन गट घ्या, दोन्हींची बेरीज १००. पहिला: ४०, १५, १५, १५, १५. दुसरा: ३०, ३०, २०, १०, १०. पहिल्याचा गिनी ०.२०, दुसऱ्याचा ०.२४, म्हणजे दुसरा जास्त विषम. हर्फिंडाल काढा: पहिल्याचा ०.२५, दुसऱ्याचा ०.२४. आता पहिला जास्त केंद्रित! हेन्री थील यांचा निर्देशांक काढा, म्हणजे प्रत्येक वाट्याला सरासरी वाट्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले वाटा, आणि या सगळ्यांची बेरीज. दोन्हींचा अगदी सारखा येतो, ०.१०५ च्या आसपास. तीन निर्देशांक, तीन कौल, आणि तिघेही बरोबर.

वर्ग करणारा हर्फिंडाल सर्वात वरच्या एकट्याकडे रोखून पाहतो. गिनी क्रमवारी धरून चालतो, त्यामुळे दुसऱ्या गटातल्या तळाच्या दोघांची ओढाताण त्याला जास्त दिसते. थील या दोघांच्या मधे कुठेतरी. वक्र छेदत असतील तर अहवालात तसं सरळ लिहा आणि कुठल्या टोकाकडे तुमचं लक्ष आहे ते सांगून निर्देशांक निवडा. आपल्याला सोयीचा कौल देणारा निर्देशांक आधी शोधून मग कारणं जुळवण्याची रीत या क्षेत्रात आहे, तिच्या नादी लागू नका.

‘अव्वल’ची रेघ कुठे ओढायची

तीन रीती प्रचलित आहेत. ठराविक संख्या: वरचे १०० लेखक. ठराविक टक्केवारी: विद्यापीठांच्या संशोधनाची क्रमवारी लावणाऱ्या लायडन रँकिंगमध्ये संस्थेचे किती निबंध आपापल्या विषयात वरच्या १० टक्क्यांत येतात ते पाहतात. क्लॅरिव्हेट या कंपनीच्या ‘हायली साइटेड’ यादीसाठी रेघ वरच्या एक टक्क्यावर असते. तिसरी रीत म्हणजे रेघ डेटालाच ओढू द्यायची. होर्खे हर्श यांच्या २००५ च्या एच-इंडेक्समध्ये हेच होतं: ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्स क्रमांकाहून कमी पडत नाहीत तिथपर्यंतचे निबंध म्हणजे एच-गाभा, आणि त्यांची संख्या म्हणजे एच-इंडेक्स.

ठराविक संख्या घेतली तर लहान आणि मोठ्या गटांची तुलना फसते. वीस जणांच्या विभागातले पहिले दहा आणि दोन हजारांमधले पहिले दहा यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. टक्केवारी हा प्रश्न सोडवते, पण शून्यांचा प्रश्न परत आणते, कारण खालून नोंदी वाढल्या की वरच्या दहा टक्क्यांत जास्त जण मावतात. ‘अ’मध्ये दहा टक्के म्हणजे एक निबंध, वाटा ४० टक्के. दहा शून्यं मिळवली की दहा टक्के म्हणजे दोन निबंध, वाटा ६०. एच-गाभ्यावर शून्यांचा काही परिणाम होत नाही, हे त्याचं मोठं बलस्थान. मात्र रेघ प्रत्येक गटासाठी वेगळ्या ठिकाणी पडते.

बरोबरीवाल्यांचं काय? २५० निबंधांतले वरचे १० टक्के म्हणजे २५. पण २३ व्या ते २९ व्या क्रमांकापर्यंतच्या सातही जणांची सायटेशन्स सारखीच असली तर? वरचे २२ पूर्ण घ्या आणि उरलेल्या तीन जागा सात जणांत वाटा, प्रत्येकाला तीन सप्तमांश वजन. वर्णानुक्रमाने तिघे उचलणं किंवा सगळ्यांना आत घेणं, दोन्ही गोष्टी लहान डेटात निकाल बिघडवतात.

गाभ्याच्या आत

आता मूळ कामाला लागू. ‘अ’चा एच-इंडेक्स ५ आहे: पाचव्या निबंधाला ६ सायटेशन्स, सहाव्याला ५ च. गाभा: ४०, २०, १२, ८, ६. बेरीज ८६.

शेजारी ‘ब’ नावाचा गट ठेवा: १८, १८, १७, १७, १६, आणि पुढे ‘अ’सारखेच ५, ४, ३, १, १. याचाही एच ५, गाभ्याची बेरीज ८६. लिओ एग्गे यांचा जी-इंडेक्स, जिथे वरच्या निबंधांची एकत्र सायटेशन्स क्रमांकाच्या वर्गाएवढी तरी लागतात, तो दोन्हींचा १०. गाभ्याची सरासरी सांगणारा ए-इंडेक्स दोन्हींचा १७.२. गाभ्याच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आर-इंडेक्स, दोन्हींचा ९.२७. बेरजेतून एचचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेणारा ई-इंडेक्स, दोन्हींचा ७.८१. पाच निर्देशांक, आणि एकालाही ‘अ’ आणि ‘ब’ वेगळे दिसत नाहीत. प्रत्यक्षात एकीकडे एका निबंधाने निम्मा डोलारा पेललेला आहे, दुसरीकडे पाच जण खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

गाभ्यावर गिनी काढा. ‘अ’: क्रमांक-गुणाकारांची बेरीज १७८, त्यावरून ०.३७२. ‘ब’: बेरीज २५३, त्यावरून ०.०२३. हर्फिंडाल अनुक्रमे ०.३०३ आणि ०.२००४. पाच जणांसाठी हर्फिंडाल ०.२ च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे ‘ब’ जवळजवळ पूर्ण समतेवर आहे. प्रभावी संख्या ‘अ’ची ३.३०, ‘ब’ची ४.९९.

वेगवेगळ्या आकाराच्या गाभ्यांची तुलना करायची असेल तर एक दुरुस्ती हवी. पाच जणांत गिनी जास्तीत जास्त ०.८ होऊ शकतो, पन्नास जणांत ०.९८. म्हणून गिनीला संख्येने गुणून संख्या वजा एकने भागा. ‘अ’च्या गाभ्याचा दुरुस्त गिनी ०.४६५. अॅलन प्रॅट यांनी १९७७ मध्ये विषयवार केंद्रीकरण मोजायला सुचवलेलं माप हिशेबाने हेच निघतं. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं ‘इनेक’ पॅकेज ही दुरुस्ती स्वतःहून करत नाही, वेगळा पर्याय द्यावा लागतो. सॉफ्टवेअर कुठलंही असो, एकदा पाच आकडे घालून पाहा की ते नेमकं काय काढतंय. हर्फिंडालची दुरुस्ती अशी: त्यातून १ भागिले संख्या वजा करा, आणि १ वजा तोच भाग याने भागा. ‘अ’साठी ०.१२९.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. सगळ्या ‘अ’चा गिनी ०.५४२ आणि त्याच्या गाभ्याचा ०.३७२, तर मग अव्वलांमध्ये विषमता कमी म्हणायची का? घाई नको. गाभ्यातल्या प्रत्येकाला निदान पाच सायटेशन्स असणारच, ती प्रवेशाची अटच आहे. ही हमखास पाच प्रत्येकाच्या खात्यात धरल्याने वाटणी आपोआप समान दिसते. अट वजा करून फक्त वरचा भाग घ्या: ३५, १५, ७, ३, १. याचा गिनी ०.५२५. म्हणजे विषमता फारशी कमी झालेलीच नाही, रेघेने ती झाकली होती. ‘ब’साठी हाच आकडा ०.०३३, तिथे झाकायला काही नव्हतंच. गाभ्याचा गिनी छापताना हा ‘अट वजा’ आकडाही सोबत छापावा, असं माझं ठाम मत आहे.

मोठेपणही मोजा

गिनी, थील, हर्फिंडाल हे सगळे प्रमाणावर चालतात. प्रत्येक आकडा दहापट केला तरी हे जागचे हलत नाहीत. संपूर्ण जमावासाठी ते योग्यच आहे. अव्वलांसाठी मात्र ‘किती मोठे’ हा अर्धा प्रश्न असतो. तिसरा गट ‘क’ घ्या, ज्याचा गाभा ३०, २८, २६, २४, २२. गिनी ०.०६२, समता उत्तम. पण ‘अ’ आणि ‘क’ यांच्यात वरचढ कोण?

यासाठी भागाकार न करता नुसती चढती बेरीज मांडा. अर्थशास्त्रात अँथनी शॉरॉक्स यांनी १९८३ मध्ये अशाच पद्धतीचा सामान्यीकृत लॉरेन्झ वक्र मांडला, फक्त तिथे बेरीज तळापासून होते. वरून करायची तर ‘अ’: ४०, ६०, ७२, ८०, ८६. ‘ब’: १८, ३६, ५३, ७०, ८६. ‘क’: ३०, ५८, ८४, १०८, १३०. ‘अ’ची रेषा ‘ब’च्या वर राहते आणि शेवटी येऊन मिळते. ‘क’ही ‘ब’च्या पूर्ण वर आहे. ‘अ’ आणि ‘क’ मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मधे छेदतात: पहिल्या दोघांपुरतं पाहिलं तर ‘अ’ वरचढ, तिथून पुढे ‘क’. यापलीकडे डेटा काही सांगत नाही. दोन तारे हवेत की पाच भक्कम खांब, हे समितीने ठरवायचं असतं, आकडेमोड करणाऱ्याने नव्हे.

डेटा मोठा असेल तर शेपटी तपासा

काही हजार नोंदी हाताशी असतील तर एक सुंदर तपासणी करता येते. वितरणाचं वरचं टोक, म्हणजे शेपटी, पॅरेटो प्रकारची (सावकाश उतरत जाणारी लांब शेपटी) असेल, तर ते कुठेही कापा, आतली विषमता तीच राहते. वरच्या १० टक्क्यांत वरच्या १ टक्क्याचा जो वाटा, तोच वरच्या १ टक्क्यात वरच्या ०.१ टक्क्याचा. दोन्ही गुणोत्तरं काढा. जवळपास सारखी आली तर शेपटी पॅरेटोसारखी आहे. वर जाता जाता गुणोत्तर घटत असेल, तर अव्वलांमध्ये खरोखरच समता वाढते आहे.

गुणोत्तरावरून घातांकही मिळतो, म्हणजे शेपटी किती झपाट्याने उतरते ते सांगणारा आकडा. दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, त्यात १ मिळवा, आणि १ ला त्या उत्तराने भागा. गुणोत्तर ०.४ असेल तर लॉगॅरिदम वजा ०.३९८, त्यात १ मिळवून ०.६०२, आणि घातांक १.६६. या घातांकाची दुप्पट वजा एक, आणि १ ला त्याने भागलं की अव्वलांचा गिनी: ०.४३. प्रसिद्ध ८०-२० ची वाटणी घातांक सुमारे १.१६ असताना येते. घातांक जितका १ च्या जवळ, तितकं एकवटणं टोकाचं. लोट्काचा वर्गाचा नियम या मापात बरोबर १ वर बसतो, आणि तिथे सरासरीसुद्धा स्थिरावत नाही, नमुना मोठा कराल तशी वाढतच जाते.

दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन ठिपक्यांतून पट्टीने रेघ ओढायची आणि उतार वाचायचा, ही जुनी सवय सोडून द्या. तसा काढलेला घातांक भरवशाचा नसतो हे सांख्यिकीत पुरेसं सिद्ध झालं आहे. सायटेशन्सना लॉगनॉर्मल वितरणही (ज्यात आकड्यांचे लॉगॅरिदम घंटेच्या आकारात पसरतात) अनेकदा तितकंच चपखल बसतं, म्हणून वरची गुणोत्तरं आधी पाहावीत. डेरेक डी सोला प्राइस यांचा वर्गमूळ-नियम, की एकूण लेखकांच्या संख्येच्या वर्गमूळाइतके लेखक निम्मे निबंध लिहितात, ऐकायला झकास आहे. प्रत्यक्ष आकड्यांवर तो सहसा तंतोतंत बसत नाही. तुलनेसाठी वापरा, निकष म्हणून नको.

एकाला वगळून पाहा

अव्वलांचे गट लहान असतात आणि लहान गटात एकटा माणूस सगळं चित्र बदलतो. म्हणून पहिल्याला वगळून पुन्हा मोजा. ‘अ’च्या गाभ्यातून ४० काढले की २०, १२, ८, ६ उरतात. दुरुस्त गिनी ०.४६५ वरून ०.३३३ वर येतो. दुरुस्त हर्फिंडाल ०.१२९ वरून ०.०७२ वर, म्हणजे जवळपास निम्मा. आणि गंमत बघा, दुरुस्ती न केलेला हर्फिंडाल ०.३०३ वरून ०.३०४, जागच्या जागी! एक जण कमी झाल्याने केंद्रीकरण वाढलं, मोठा गेल्याने घटलं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन बसले. दुरुस्ती का करायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुनर्नमुन्यांचं तंत्र, म्हणजे हाताशी असलेल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेणारं बूटस्ट्रॅप वापरून विश्वास-अंतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा त्या) काढायला हरकत नाही, पण शेपटी जड असेल तर ते प्रत्यक्षाहून जास्त आश्वासक निघतं. जो प्रचंड मोठा निबंध तुमच्या नमुन्यात आलाच नाही, तो कितीही वेळा पुनर्नमुने घेतले तरी येणार नाही.

अहवालात काय लिहायचं

जोडी कुठली, श्रेय कसं, शून्यं धरली की नाही, रेघ कुठे, बरोबरीवाल्यांचं काय केलं, मग दुरुस्त गिनी, प्रभावी संख्या, अट वजा करून आलेला गिनी, चढत्या बेरजेचा आलेख, आणि पहिल्याला वगळून आलेले आकडे. ‘अ’साठी ते असं होईल: ‘एच-गाभ्यात ५ निबंध, एकूण ८६ सायटेशन्स. दुरुस्त गिनी ०.४७, प्रभावी संख्या ३.३, पाचची अट वजा करता साधा गिनी ०.५२. पहिला निबंध वगळल्यास दुरुस्त गिनी ०.३३.’ तीन-चार ओळींत एवढं सगळं मावतं.

दोन कालखंडांची तुलना असेल तर आणखी एक आकडा जोडा. इथले सगळे निर्देशांक नावं पाहत नाहीत. पहिल्या पाच वर्षांत आणि पुढच्या पाच वर्षांत गाभ्याचा गिनी सारखाच आला, तरी एका विषयात तीच माणसं वर टिकून असू शकतात आणि दुसऱ्यात संपूर्ण यादी बदललेली असू शकते. म्हणून पहिल्या कालखंडातल्या अव्वलांपैकी किती टक्के दुसऱ्यातही अव्वल आहेत ते मोजा. कालखंड एकमेकांवर चढलेले नसावेत, आणि दुसऱ्या कालखंडात फक्त त्याच काळात प्रसिद्ध झालेल्या निबंधांची सायटेशन्स धरावीत. नाहीतर जुन्याच निबंधांची शिल्लक पुन्हा मोजली जाते आणि वरची मंडळी हललेलीच नाहीत असं दिसतं.